मार्चअखेर एक तरी बाळंतपण

ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी चालवणं, असं तुम्हाला वाटत असेल तर साफ चूक! ड्रायव्हरचं काम म्हणजे थांबणं. मी सरकारी दवाखान्याची गाडी चालवतो, म्हणजे दिवसातून तासभर चालवतो अन् बाकीचा वेळ तिला टेकून उभा असतो. आणि रिकामा उभा असलेला माणूस दिसला की लोक त्याच्यापाशी येऊन बोलतातच. दहा वर्षांत इतके किस्से जमले की बायको म्हणते, "तुमची गाडी डिझेलवर चालते का गप्पायवर?"

गाव अमडापूरच्या बाजूचं. नाव सांगत नाही, आमचे साहेब लोकही वाचत असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण. पहिल्या महिन्यात त्यांना आमची बोली ऐकून हसू यायचं, आता स्वतःच पेशंटला विचारतात, "काऊन आजी, गोळी काऊन नाही घेतली?" आशाताई आहे शमीमबी. घरोघरी फिरून गरोदर बाया अन् लेकरांची यादी ठेवणं हे तिचं काम. आणि या सगळ्यांच्या वर, पगारानं नाही पण मानानं, आमच्या सुनंदा सिस्टर.

सव्वीस वर्षं झाली सिस्टरला या गावात. गावातली निम्मी तरणी पोरं जन्मली ती तिच्या हातावर. ती पोरं आता पुण्याला, सुरतेला, संभाजीनगरला. गावात उरले त्यांचे मायबाप. भिंतीवर चित्र मायलेकराचं अन् खाली बाकड्यावर ओळीनं सगळे बुढे-बुढ्या, असा आमचा दवाखाना!

* * *

माझी गाडी गरोदर बायांसाठी अन् तान्ह्या लेकरांसाठी आहे. तसं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. एका सकाळी शेवंताबाई काठी टेकत आल्या आणि थेट दार उघडून आत बसल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं.

"गजू, मले चिखलीले ने. कंबर गेली माही."

म्हटलं, "आजी, ही गाडी पोटुशी बाईसाठी. नियम आहे."

"माहे बाळंतपणं किती झाले, ठाऊक आहे तुले?"

"नाही."

"पाच! अन् पाचही घरीच. तवा गाडी होती काय?"

"नव्हती."

"मंग? तवा पोटुशी होती तं गाडी नव्हती. आता गाडी आहे तं मी बुढी झाली. माह्या पाच फेऱ्या बाकी हायेत सरकारकडं. त्यातली एक आज दे, चार राहू दे!"

सिस्टर हसत बाहेर आली, चिखलीला फोन करून तातडीची दुसरी गाडी मागवली, आणि ती येईस्तोवर तासभर माझ्या गाडीत बसून आजीची कंबर शेकत राहिली. दुसऱ्या गाडीत चढवताना आजीनं मला बोट दाखवून बजावलं, "चार! लक्षात ठेवजो."

* * *

आता मुख्य भानगड सांगतो. तालुक्याला मीटिंग होती. सिस्टरला घेऊन मी गेलो होतो अन् नेहमीप्रमाणे दारात उभा होतो.

साहेब कागद पाहून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या केंद्रात या वर्षी एकही बाळंतपण नाही. स्पष्टीकरण द्या."

सिस्टर उभी राहिली. "साहेब, गावात पोटुशी बाईच नाही."

"का नाही?"

"तेच कारण साहेब, ज्याच्यासाठी दोन वर्षांआधी तुम्ही मले शाल देल्ली होती."

सगळा हॉल हसला! कारण सत्कार खरंच झाला होता. घरोघरी जाऊन 'दोनच पुरे' सांगणारी, उन्हातान्हात बायांना ऑपरेशनला घेऊन जाणारी सिस्टर म्हणून याच साहेबांनी, याच हॉलमध्ये तिला शाल-श्रीफळ दिलं होतं.

साहेबही हसले. माणूस वाईट नाही. पण कागद काही हसत नाही. वरून हुकूम आला होता. मार्चअखेर आकडा शून्यच राहिला तर आमची बाळंतपणाची खोली बंद, आणि सिस्टरची जागा घाटाखाली, जिथं बाळंतपणं होतात तिथं. साहेब जाता जाता हळूच म्हणाले, "मार्चअखेर एक तरी दाखवा सिस्टर. एक असलं तरी मला वर भांडता येईल."

येताना सिस्टर नुसती रस्त्याकडं पाहत होती. मला वाटलं घराचा विचार करत असेल, पोरगी कॉलेजात आहे तिची. तर ती म्हणते, "गजू, मी गेली तं विठोबाआबाच्या पायाची जखम कोण धुईन रे?"

खरं होतं ते. सिस्टरची नेमणूक बाळंतपणासाठी, पण दिवसभर ती करते बुढ्यांचं. कोणाचं बीपी, कोणाची शुगर, कोणाची लघवीची नळी, कोणाला गोळ्यांचा डबा भरून द्यायचा. हे काम कुठल्याच तक्त्यात बसत नाही. त्यामुळं ती गेली तर तिच्या जागी दुसरं कोणी येणार नव्हतं.

* * *

गावात ही बातमी कळली, अन् मारुतीच्या पारावर सगळ्या बुढ्यांची तातडीची बैठक बसली. ठराव झाला: ज्याची लेक नाहीतर सून पोटुशी असेल त्यानं तिला बाळंतपणाला गावीच आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आपली आहेच, ती आता जोरात पाळायची!

हरिभाऊ या सगळ्यांचे पुढारी. वय ऐंशीला टेकलेलं, आवाज मात्र लाऊडस्पीकरचा. त्यांनी पारावर बसूनच पुण्याला धाकट्या पोराला फोन लावला. स्पीकर चालू. सगळे कान लावून.

"काय बे, काही खुशखबर हाय काय?"

"कसली खुशखबर बाबा?"

"लेकराची! दुसरी कोणती असते?"

"अहो बाबा, माझं लग्न व्हायचंय अजून!"

"ते मागून पाहू!" हरिभाऊ ओरडले, "इकडं मार्च जवळ येऊन राह्यला!"

रहीमचाचा शिंपी त्याहून पुढं गेले. त्यांनी न विचारता झबली शिवायला घेतली. मी दुकानात डोकावून विचारलं, "चाचा, माप कोणाचं घेतलं?"

चाचा सुईत दोरा ओवत म्हणाले, "जो आयेगा उसका."

* * *

पोलिओ डोसाचा रविवार होता. रस्त्याच्या कडेला टेबल, बॅनर, बर्फाचा डबा, सगळं मांडून शमीमबी बसली. गावातली पाच वर्षांखालची लेकरं नऊ वाजेस्तोवर येऊन गेली. किती? तीन! बर्फाच्या डब्यात डोस भरपूर अन् शमीमबीचा चेहरा एवढासा.

हरिभाऊंनी ते पाहिलं. म्हणाले, "गावात लेकरं नाईत, रस्त्यावर तं हायेत ना!" आणि पाच-सहा बुढे काठ्या घेऊन रस्त्यात उभे राहिले. येईल ती गाडी थांबवायची, आत डोकं घालून विचारायचं, "लेकरू हाय काय?"

एक मोठी पांढरी कार थांबली. चालवणाऱ्याला वाटलं वर्गणीवाले आहेत. त्यानं काच थोडी खाली केली अन् पन्नासची नोट पुढं केली. "घ्या काका, जाऊ द्या आम्हाला."

हरिभाऊंनी नोट बाजूला सारली, काठी आपटली अन् ओरडले, "पैसे नाई पायजेत! लेकरू दे!"

मागच्या सीटवरच्या बाईनं किंचाळून लेकरू पोटाशी धरलं! काच वर, दार लॉक, हॉर्न सुरू. सिस्टर पदर खोचून पळत आली, बर्फाचा डबा काचेला लावून दाखवला, हात जोडले. बाईला उलगडा झाला तशी ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लेकराला डोस पाजला, करंगळीला शाई लावली. मग ते लोक चहाला थांबले, अन् निघताना हरिभाऊंच्या पाया पडले.

संध्याकाळी शमीमबीनं हिशेब लावला. गावची तीन, रस्त्यावरची एकोणीस. अशी बुढ्यांची फौज मी तरी दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

* * *

देविदासआबा अन् पार्वताबाई, दोघंच घरात. पोरगा पुण्याला. त्यानं दिवाळीत येऊन घरात कॅमेरा बसवला. म्हणजे ऑफिसातून मोबाइलवर त्याला मायबाप दिसत राहावेत. चांगली गोष्ट आहे. काळजी करणारं पोरगं आहे.

एका दुपारी त्याचा सिस्टरला फोन. आवाज रडकुंडीला आलेला. "सिस्टर, कॅमेऱ्यात एकदम अंधार झालाय. आई फोन उचलत नाही. प्लीज बघता का?"

सिस्टरनं जेवणाचा डबा तसाच उघडा टाकला. मी फटफटी काढली, ती बीपीचं मशीन मांडीवर घेऊन मागं बसली. दोन मिनिटांत दारात. आतून काही आवाज नाही. दार ढकललं तर आबा एका खाटेवर, पार्वताबाई दुसऱ्या खाटेवर, तोंडं दोन दिशांना. कॅमेऱ्यावर आबांचा दुपट्टा टाकलेला.

सिस्टर घाबरून म्हणाली, "काय झालं हो? हे काऊन झाकलं?"

पार्वताबाई म्हणाल्या, "भांडण चालू होतं आमचं."

"मग कॅमेरा काऊन झाकला?"

"पोरगं पाहून राह्यलं ना त्याच्यातून! लेकरासमोर भांडू नाई, हे तुम्हीच नव्हतं सांगतलं मातायच्या बैठकीत? आमचा मोहन तवा पाळण्यात होता."

सिस्टर तिथंच खाटेवर बसली. हसावं का रडावं तिला कळेना. पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट, अन् या बाईनं ती अजून पाळली! आपण सांगितलेलं पंचवीस मिनिटं कोणी लक्षात ठेवत नाही. मोहनला फोन करून सिस्टर एवढंच म्हणाली, "सगळं बरं आहे. अर्ध्या तासानं पाह्य, दिसतील." आणि मग दुपट्टा तसाच ठेवून दोघांचं भांडण मिटवलं.

* * *

बुढ्यांच्या फोनाफोनीचा गुण आला! प्रल्हादरावांची मेघा, नाशिकला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा संपत आलेला. गावात अशी लगबग सुरू झाली की विचारू नका. बाळंतपणाच्या खोलीला चुना मारला, नवा पडदा आला. रोज कोणी ना कोणी मेघाला विचारायचं, "काय म्हणते बाप्पा तब्येत?" पोरगी बिचारी घराबाहेर पडायला लाजायला लागली.

सिस्टरनं एका सकाळी तिचं बीपी घेतलं. मग परत घेतलं. मग मशीन बदलून घेतलं. मेघाचे पाय सुजले होते अन् डोकं दुखत होतं. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं, दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"गजू, गाडी काढ. बुलढाण्याले."

प्रल्हादराव मधे आले. वाईट मनानं नाही, भाबडेपणानं म्हणाले, "सिस्टर, इथीच करू ना. तुमच्या हातचं चांगलंच होते. अन् तुमची नोंद बी होईन."

सिस्टरला मी दहा वर्षांत एवढी चिडलेली पाहिली नव्हती. "माह्या नोंदीसाठी तुमच्या पोरीचा जीव टांगणीले लावू काय मी? बसा गाडीत!"

बुलढाण्यापर्यंत तिनं मेघाचा हात सोडला नाही. आरशात दिसत होतं मला. तिथं ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. नोंद अर्थातच तिथल्या रजिस्टरात.

परत येताना मी म्हटलं, "सिस्टर, गेली ना हो नोंद हातची."

ती म्हणाली, "लेकरू आलं ना पण!" आणि सीटला डोकं टेकून झोपून गेली.

दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर स्वतः स्टोव्हवर चहा ठेवून बसलेले. साखर विसरले होते, पत्ती जास्त झाली होती. सिस्टरनं तो कडू चहा पूर्ण पिला. मी मात्र अर्धा झाडाला घातला. अशा माणसांबरोबर नोकरी करायला मिळते, याचा मला अभिमान वाटतो. वाटतो तर सांगायला काय जाते!

* * *

संक्रांत होऊन गेली. फेब्रुवारी लागला. खोलीचा नवा पडदा तसाच घडी न मोडलेला. सिस्टरनं सामान आवरायला घेतलं होतं.

आमच्याकडं कापूस वेचायला आता गावातली माणसं पुरत नाहीत. वाकू शकणारी बाहेरगावी गेली अन् गावात राहिली त्यांना वाकता येत नाही. म्हणून सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून, तरणी जोडपी येतात अन् वावरातच झोपड्या घालून राहतात. सिस्टर आणि शमीमबी तिथंही जायच्या. त्यांच्यात सुगना नावाची बाई होती, दिवस भरत आलेले. सिस्टरनं तिला वेळोवेळी तपासलं होतं, सगळं ठीक होतं. पण सुगना म्हणायची, "बाई, हम तो गाँव जाके करेंगे." म्हणून इथं बाळंतपण करायचा विषय सिस्टरनं कधी काढला नाही. शमीमबीनं एकदा काढला तर तिलाच दटावलं.

एका सकाळी शमीमबीचा मला फोन. "गजूभाऊ, वावरात या! सुगनाचं पोट दुखून राह्यलं, गावाले जायाले टाइम नाई तिले!"

दहा वर्षांत मी गाडी एवढी जपून कधी चालवली नसेल. सुगना अन् शमीमबी मागं, सुगनाचा नवरा दिनेश माझ्या बाजूला. पंचवीसेक वर्षांचा पोरगा, केसांत कापूस अडकलेला. पारावरून गाडी गेली अन् बुढ्यांनी आत पोटुशी बाई पाहिली. झालं!

अर्ध्या तासात दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. शेवंताबाई गोधडी घेऊन आल्या. पार्वताबाई डिंकाचे लाडू घेऊन. रहीमचाचा झबल्यांचं गाठोडं घेऊन. एका लेकरासाठी चार घरून चार पाळणे आले! हरिभाऊ तर घरून खुर्चीच घेऊन आले. डॉक्टरांनी दोनदा बाहेर येऊन हात जोडले, "आजोबा, गर्दी करू नका." कोणी हललं नाही. गर्दीत दिनेश कुठं मागं ढकलला गेला, माझ्याही लक्षात राहिलं नाही.

बारा वाजले, एक वाजला. कोणी जेवायला गेलं नाही. आतून सिस्टरचा आवाज येत होता, "हां, सुगना, बस थोडा और."

दोन वाजून गेले असतील, अन् लेकरू रडलं!

सगळे एकदम उभे राहिले. ज्यांना उठवायला दोन माणसं लागतात तेसुद्धा. दार उघडलं. सिस्टर बाहेर आली, घामानं भिजलेली. ती तोंड उघडणार तेवढ्यात हरिभाऊ ओरडले,

"सिस्टर, नोंद झाली काय?"

सिस्टरचे डोळे भरून आले. "झाली आबा. दोन वाजून दहा मिनिटं. आपल्याच रजिस्टरात."

काय टाळ्या! काय आरडाओरडा! शेवंताबाईंनी सिस्टरला मिठी मारली. विठोबाआबा दुखरा पाय विसरून पुढं आले अन् पोरासारखे रडायला लागले. "आता घाटाखाली नाई ना जात, माय?" "नाई जात आबा." कोणीतरी दिवाळीचे राहिलेले फटाके लावले, डॉक्टर आतून धावत आले, "अहो, बाळ आहे आत!" हॉटेलवाल्यानं पेढ्यांचा डबा फिरवला. शमीमबी अन् पार्वताबाई हात धरून फुगडीच घालायला लागल्या. माझेही डोळे वाहत होते, खोटं कशाला सांगू. कोणी पाहू नये म्हणून मी गाडीच्या मागं गेलो.

तिथं दिनेश उभा होता. हातात कोणीतरी दिलेला पेढा तसाच. त्यानं माझ्याकडं पाहिलं, जवळ आला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"भैया, किसी से पूछ के बताओगे? हमको लड़का हुआ कि लड़की?"